चांदीचं पाणी

कालिपाच्या तंबूत, चुलीच्या उजव्या अंगाला, लोकरीचा एक लांब दोर टांगलेला असे. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अगदी घरच्यांनीही नाही. दरीत जे पोर तिच्या हाताने जगात आलं, त्याच्या नावाने ती दोराला एक गाठ मारायची. गाठी किती झाल्या ते तिने कधी मोजलं नव्हतं. माणसं काय मेंढरं आहेत मोजायला? पण डोळे मिटून बोटं फिरवली की तिला कळायचं, हा आपला ओमोर, ही उलकानची थोरली, हा त्या तोतऱ्या लोहाराचा धाकटा. जे पोर राहिलं नाही, त्याच्या गाठीत काळा धागा.

नाळ कापणारी बाई म्हणजे पोराची दुसरी आई, आणि पोर पुढे तिच्याच वळणावर जातं, हे त्या डोंगरात सगळेच मानतात. म्हणून या कामाला वाटेल तिला बोलावत नाहीत. पोरंबाळं असलेली, स्वच्छ नावाची, मनगटात चांदी असलेली बाई लागते. कालिपाला चाळीस वर्षं बोलावत होते, आणि ती हे कुणालाही विसरू देत नसे. गाव-सोव्हिएतचा अध्यक्ष टेबलावर मूठ आपटून बोलायला लागला की ही शांतपणे म्हणायची, "सावकाश रे. तुझी नाळ मी कापलीय." बिचारा मुकाट्याने मूठ उघडायचा.

त्या उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणावर आले, आणि चार दिवसांत उलकान धापा टाकत कालिपाच्या दारात आली. शेजारीण कसली, चालतंबोलतं वर्तमानपत्रच होती ती.

"ऐकलंस का? ओढ्यापलीकडे नवा तंबू उभा राहिलाय. वर लाल फडकं. आयांसाठी आणि तान्ह्या पोरांसाठी म्हणे, सरकारी. औषधं फुकट, साबण फुकट."

"मग जा की. तुला साबणाची गरज आहेच."

"माझं राहू दे. कोण आलंय माहितीये? सूसार!"

कालिपाचा दूध घुसळणारा हात थांबला. सूसार म्हणजे पंधराव्या वर्षी साठीच्या म्हाताऱ्याला दिलेली, आणि तिसऱ्या महिन्यात त्याच्याच घोड्यावर बसून पळालेली पोर. पुढे शहरात, फ्रुंझेला, कुठल्याशा शाळेत शिकते असं कानावर होतं.

"सुईणीचं शिकून आलीय," उलकान डोळे बारीक करून म्हणाली. "नाळ तूच कापली होतीस ना तिची? गेली बघ तुझ्या वळणावर. आता दोर तिच्याकडे पोचता करून टाक, लागेल तिला."

"दोर नाही, तुझी जीभ पोचती करते. तीच जास्त लांब आहे," कालिपा म्हणाली, पण त्या दिवशी तिचं लोणी काही नीट निघालं नाही.

सूसारच्या तंबूत बायका पहिल्या दोन दिवसांत डोकावून आल्या आणि तिसऱ्या दिवशी जायच्या बंद झाल्या. कारणं पुष्कळ होती. ती तान्ही पोरं तराजूत घालते, लोकर तोलावी तशी. नवऱ्याचं नाव विचारते, आणि तेही बायकोलाच! पण खरं कारण एकच. तिचे हात उघडे होते. ना बोटात अंगठी, ना मनगटात कडं, नखं तर मांसापर्यंत कापलेली. ज्या हातावर चांदी नाही तो हात विटाळलेला, त्या हातचं अन्न कुणी खात नाही, हे दुधपित्या पोरालाही ठाऊक. सूसार येणाऱ्या प्रत्येकीपुढे चहाचा वाडगा धरायची आणि प्रत्येकजण म्हणायची, "आत्ताच घेऊन आले गं." तिच्या चुलीवर दिवसभर चहा उकळून उकळून काळा व्हायचा.

आठवडा गेला, आणि ती स्वतःच कालिपाकडे आली. पांढरा रुमाल, पांढरा झगा, चाल ताठ. दारात उजवा पाय आधी टाकला, एवढं शहराने तिला विसरू दिलं नव्हतं.

"आपा, ओळखलंत?"

"ओळखू नको तर काय? सगळ्यात आधी तुला मीच पाहिलंय. तेव्हाही अशीच किरकिरी होतीस."

सूसार हसली आणि बसली. सून जियदे चहा ओतायला पुढे झाली. नववा संपत आलेला, उठताना पाठीवर हात. सूसारची नजर तिच्या पोटावर गेली, तिथून दोरावर, आणि दोराच्या टोकाशी, घरच्या नातवंडांसाठी राखलेल्या जागी, शेजारीशेजारी असलेल्या तीन काळ्या गाठींवर.

"या कुणाच्या?"

जियदेने मान खाली घातली. उत्तर कालिपाने दिलं. "माझे नातू. तिघेही. चांगले धट्टेकट्टे जन्मले. आठव्या दिवशी दूध घेईनात. जबडा घट्ट बसायचा, अंग धनुष्यासारखं वाकायचं. आठव्या दिवसाचा पाहुणा म्हणतो आम्ही त्याला. येतो आणि घेऊन जातो."

कालिपाच्या कमरेला हाडाच्या मुठीची सुरी होती, तिच्या आईची. त्या सुरीने ती वाद्या कापायची, घोड्याच्या खुरात अडकलेला खडा काढायची, आणि वेळ आली की बुटाच्या तळव्यावर दोनदा घासून नाळही कापायची. मग काळ्या मेंढीच्या लोकरीने बांधायची आणि वर जळक्या नमद्याची, लोकरीच्या जाड सतरंजीची, राख दाबायची. सूसार त्या सुरीकडे इतका वेळ बघत राहिली की कालिपाला राग आला.

"काय बघतेस? बोल ना काय ते."

"जियदेला माझ्याकडे पाठवा, आपा. बाळंतपण माझ्या तंबूत होऊ दे."

"तुझ्याकडे? हातात चांदी नाही, पोटी पोर नाही, आणि माझ्या नातवाची नाळ तू कापणार? तुझ्यासारखा पळून जाईल तो!"

"घोडा चांगला बघून पळेल मग," सूसार म्हणाली. जियदेला हसू फुटलं आणि तिने ते बाहीत दाबलं.

उठता उठता सूसारने विचारलं, "माझी नाळ कशी कापली होती, आपा? आई सांगायची, खिंडीत म्हणून."

कालिपा खुलली. ही तिची आवडती गोष्ट. "खिंडीतच. तळ हलवत होतो आणि बर्फ कोसळलं. तुझ्या आईला तिथेच कळा. बाकीचे एका खडकाआड मांस शिजवत होते, माझी सुरी कढईत होती. तीच उपसली, वाफा निघत होत्या तिच्यातून. लोकर भिजलेली, राख कुठून आणू? तुझ्या बापाच्या कोऱ्या सदऱ्याचा धागा काढला, त्याच कढईत बुचकळला आणि बांधला. राखेशिवाय! माझ्याशिवाय दुसरी असती तर हातपाय गाळले असते."

सूसारचे डोळे भरून आले. "म्हणून मी जगले, आपा," ती म्हणाली आणि निघून गेली.

'म्हणून' म्हणजे काय? कालिपाने त्या एका शब्दावर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी सगळे घोड्या दोहायला गेले, तेव्हा ती दोराखाली बसली, डोळे मिटले आणि पहिल्या गाठीपासून बोटं फिरवायला लागली. हा हिवाळ्यातला. जनावर कापलेलं, कढई चुलीवर, सुरी मांसात. हा जगला. हाही हिवाळ्यातला, हाही. ही वरच्या कुरणावरची, उन्हाळ्यातली, सुरी कमरेची. काळा धागा. ही पण उन्हाळ्यातली, पण हिची नाळ तिच्या आत्याने चहाच्या उकळत्या पाण्यातून काढून दिलेल्या कात्रीने कापली होती. जगली. हा घोड्यांच्या दावणीजवळ जन्मला. काळा धागा. सगळेच गेले नव्हते, उन्हाळ्यातलेही पुष्कळ तगले होते. पण काळे धागे जवळजवळ सगळे उन्हाळ्यातले होते, आणि चाळीस वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर टांगलेले होते. शेवटी बोटं त्या तीन गाठींवर आली. तिन्ही उन्हाळ्यातल्या. तिन्ही दावणीजवळच्या.

तिने सुरी काढून पाहिली. मुठीच्या फटीत खुरातली वाळलेली घाण होती. मग बुटाचा तळवा उलटा करून पाहिला. कालिपाला त्या क्षणी मरण आलं असतं तर तिने त्याला आत बसवून चहा दिला असता. तिला रडू आलं नाही, आधी राग आला, तोही सूसारचा. पोरीने एका नजरेत ओळखलं होतं. मग बोलली का नाही? मग वाटलं, बोलली असती तर मी तिला हाकलून दिलं असतं, आणि जियदेचं चौथंही याच सुरीखाली आलं असतं.

चार दिवसांनी, ऐन दुपारी, जियदेच्या हातातली दुधाची बादली कलंडली. कळा सुरू झाल्या होत्या. उलकान आणि आणखी तिघीजणी नेहमीप्रमाणे मदतीला धावल्या, बाळंतिणीने धरून जोर काढायची दोरी त्यांनी तंबूत बांधायला घेतली. कालिपा म्हणाली, "सोडा ते." तिने सुनेच्या काखेत हात घातला आणि तिला बाहेर काढलं.

"कुठे गं?" उलकान ओरडली.

"ओढ्यापलीकडे."

सगळ्या कुरणाने ते पाहिलं. पांढरा फेटा बांधलेली म्हातारी, तिच्या खांद्यावर रेललेली सून, दर पन्नास पावलांवर थांबत, ओढ्यातल्या दगडांवरून तोल सांभाळत चालली होती. घोड्या दोहणारे हात थांबले. जियदेचा नवरा ओमोर तर हातात कासरा धरून उभाच राहिला. कालिपाने कुणाकडेही पाहिलं नाही. मान मात्र अशी ताठ होती की जणू सून नाही, लग्नाची वरात घेऊन निघालीय.

सूसारने दारात त्यांना पाहिलं. 'आलात का शेवटी' असं काही ती बोलली नाही. जियदेला तिने स्वच्छ चादरीवर निजवलं, कात्री आणि धागा कढईत टाकला, खाली जाळ वाढवला आणि साबण पुढे केला.

"आपा, हात. कोपरापर्यंत. कडं काढावं लागेल."

दारात गोळा झालेल्या बायकांत एकदम कुजबुज झाली. ते कडं कालिपाच्या सासूने लग्नात घातलं होतं, बोटाएवढं जाड. तेव्हापासून ते एकदाही उतरलं नव्हतं.

"काढू नकोस हं कालिपा!" उलकान म्हणाली. "त्या पोरीचे हात विटाळलेले, आता तुझेही? मग बाळाला उचलणार कोण? त्या घरचं पाणी तरी कोण पिईल?"

जियदे कण्हली. कालिपाने एकदा सुनेकडे पाहिलं, मग मनगटाला साबण लावला आणि कडं ओढलं. ते येईना. तिने दात-ओठ खाऊन पुन्हा ओढलं. कातडी सोलत कडं निघालं, आणि खाली दिसला तो मळाचा काळा पट्टा, लग्नापासूनचा. जो हात सगळ्या दरीने पवित्र मानला, तो हा. कालिपाला इतकी लाज वाटली की कान तापले. बायकांनीही पाहिलं.

ती उठली, आणि कडं उकळत्या कढईत टाकलं. ते तळाशी जाऊन खणकलं.

"उलकान," ती म्हणाली, "चाळिसाव्या दिवशी बाळाला आंघोळ घालतो, तेव्हा पाण्यात काय टाकतो आपण?"

"चांदी."

"कशाला?"

"पाणी पवित्र व्हावं म्हणून. हे काय विचारणं झालं?"

"मग या पाण्यात चांदी आहे की नाही? तुझ्या डोळ्यांदेखत टाकली. या पाण्याने धुतलेला हात चांदीचा झाला की नाही? सांग, नाही म्हण!"

उलकानने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या उभ्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं. सूसार कढईकडे बघत होती, आणि तिचे ओठ हसू आवरताना थरथरत होते. फ्रुंझेच्या शाळेत तिला दोन वर्षं पुष्कळ शिकवलं, पण हे कुणी शिकवलं नव्हतं.

निववलेल्या त्या पाण्याने दोघींनी हात धुतले, घासून, पुन्हा पुन्हा. काळा पट्टा गेला. उरलं ते पांढरंफटक मनगट, तान्ह्या पोराच्या कातडीसारखं. मग दोघी कामाला लागल्या, आणि जियदे नंतर सांगायची की चार हातांतले कोणते कुणाचे ते कळतच नव्हतं. एक म्हणायची "श्वास घे," दुसरी म्हणायची "आता, माझी वाघीण!", आणि ऊन कलायच्या आत पोर आलं. मुलगी. आल्या आल्या असा टाहो फोडला की बाहेर कुत्री भुंकायला लागली.

सूसारने कढईतली कात्री चिमट्याने उचलली आणि कालिपापुढे धरली. "कापा, आपा. नाळेची आई तुम्हीच."

कालिपाने हात पुढे केला नाही. या क्षणासाठी दरी तिला ओळखत होती. याच क्षणाचा तिला चाळीस वर्षं ताठा होता. तो ताठा सोडताना तिला काय वाटलं ते तिचं तिलाच ठाऊक, पण आवाज खणखणीत होता, दारातल्या शेवटच्या बाईला ऐकू जावा एवढा.

"तू काप. पोर नाळ कापणारीच्या वळणावर जातं. माझी नात तुझ्या वळणावर जाऊ दे."

"आपा, मला मूल नाही. लोक म्हणतील…"

"लोकांच्या नाळा मी कापल्यात. बघून घेईन त्यांना. काप!"

सूसारने नाळ बांधली, कापली, वर स्वच्छ फडकं ठेवलं. राख नाही.

मग आठ दिवस. ते आठ दिवस कालिपाने कसे काढले ते विचारू नये. ती घास तोंडात घालायची आणि गिळायला विसरायची. पोर रडलं की जीव उडायचा, गप्प झालं की जास्त उडायचा. सूसार सकाळ-संध्याकाळ यायची, हात धुवायची, फडकं बदलायची. आठव्या दिवशी सकाळी पोरीने तोंड मिटून घेतलं. जियदेने छातीशी धरलं, तरी उघडेना. कालिपा तिथेच दोराखाली बसली. सूसारने वाकून करंगळी पोरीच्या ओठांना लावली. पोरीने मोठी जांभई दिली, आणि आईवर अशी तुटून पडली की जियदे "आई गं!" म्हणून ओरडली. नुसती झोप आली होती तिला.

कालिपा तेव्हा रडली. तिघांसाठीही तेव्हाच रडली, मोठ्याने, कुणाची भीड न ठेवता.

चाळिसाव्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. कणकेचे बोरसोक तळून ढीग पडले होते, कुमीसच्या, घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, पखाली टांगल्या होत्या. बाळाचा पहिला सदरा कुत्र्याच्या गळ्यात बांधून सोडला आणि पोरांनी त्याला कुरणभर पळवलं. चाळीस चमचे पाणी पोरीच्या डोक्यावर घातलं, भांड्याच्या तळाशी कालिपाचं कडं होतं. मग सगळ्या बसल्या, आणि उलकानने शेवटी तिच्या मनातलं विचारलंच.

"नात छान आहे गं, दृष्ट नको लागायला. पण एक सांग कालिपा. आता तू पाणी उकळतेस, हात घासतेस. म्हणजे आधीचा तुझा हात काय घाणेरडा होता?"

सूसार पटकन म्हणाली, "असं नाही, आपांनी…"

"थांब पोरी," कालिपा म्हणाली. तिने दोर खाली काढला आणि मांडीवर घेतला. "होता, उलकान. हात घाणेरडा होता, सुरी घाणेरडी होती, लोकर आणि राखही. धनुर्वात म्हणतात त्याला, सूसारने नाव सांगितलं. हे तिघे आठव्या दिवसाच्या पाहुण्याने नेले नाहीत, माझ्या हाताने गेले. आणि हा तुझ्या मधलीचा, हाही. मी जाणून केलं नाही, पण केलं मीच. आज सगळ्यांदेखत सांगते, कारण उद्या तुमच्यापैकी कुणी म्हणायला नको की नशिबात नव्हतं."

जियदेने सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला. उलकान डोळ्यांना रुमालाचं टोक लावून बसली होती.

"आणि हेही सांगते," कालिपाने मान वर केली, आणि तो जुना ताठा आवाजात परत आला, "या पोरीची नाळही याच हाताने कापली. बर्फात, खिंडीत, उकळत्या सुरीने. कळत नव्हतं, पण नीट कापली. माझ्या वळणावर गेली आणि माझ्यापुढे गेली. आता बोला, कुणाला काय बोलायचंय?"

कालिपाने दोराचं टोक सूसारच्या हातात दिलं. सूसारने गाठ मारली, तीन काळ्या गाठींच्या शेजारी, पांढरी.

कडं त्या दिवसापासून ओढ्यापलीकडच्या कढईत राहायला गेलं. पण ते नंतर. आधी कालिपाने चहाची किटली उचलली आणि सूसारपुढे सरकवली.

"ओत."

सूसारने आपल्या उघड्या मनगटाकडे पाहिलं, मग बायकांकडे. तिने वाडगा पाव भरला, मानाच्या पाहुण्याला भरतात तसा, आणि दोन्ही हातांनी पुढे केला. कालिपाने तो सगळ्यांसमोर घेतला, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि परत धरला.

"आणखी."

तिचा दुसरा वाडगा भरला जात असताना उलकानने डोळे पुसले, नाक ओढलं आणि आपला वाडगा पुढे केला.

"मलाही दे गं पोरी. सकाळपासून घसा कोरडा पडलाय."